एथेलच्या गालातली काडी

मी ज्येष्ठमधाची काडी बोलतेय, आणि वैतागून बोलतेय.

मी मूळ आहे. काही वर्षं मातीखाली मुकाट वाढले, मग मला खणून, धुऊन, वाळवून माझे तुकडे केले. घाटकोपरच्या दुकानातून आमची जुडी मालाडच्या गावठाणात एथेलच्या घरी आली. घशाची खवखव शमवायची, कफ सुटायला मदत करायची, एवढंच माझं काम. तेही चार दिवसांचं.

साठीची एथेल दर उन्हाळ्यात बॉटल मसाला करते. मिरच्या वाळवायच्या, वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजायचे, कुटायचे आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरायचे. मिरच्यांचा खकाणा उठला की अख्खी आळी खोकते. एथेलला खोकला नको होता म्हणून आमच्यातली एकेक काडी तिच्या गालात जाऊ लागली. इथवर माझी काहीच तक्रार नाही. पण मे संपला, बाटल्या भरून झाल्या, तरी काडी गालातच. ऑगस्ट आला तरी गालातच! एक जुडी संपली की दुसरी.

एथेलला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे पाय सुजले, चपला होईनात. तिचा नवरा लिओनार्ड म्हणाला, "पाटावर बसून बसून झालं असेल."

सून जेनिसला शंका आली. "मम्मी, दिवसभर किती चघळता हे?"

"अगं, मूळ आहे ते. गोळी थोडीच आहे?"

हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मुळात जोर नसता तर घसा बरा कशाने झाला असता? आणि जोर आहे म्हटल्यावर तो फक्त घशापुरता कसा राहील?

डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, "आणखी काही औषध घेता?" एथेल दोनदा म्हणाली, "नाय ओ, तुमच्याच गोळ्या." दोन्ही वेळा रक्तदाब चढलेलाच होता, म्हणून गोळ्या वाढल्या. मी तिच्या पर्सच्या तळाशी विसरलेली पडून ऐकत होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

परवा एथेलच्या पायांतलं बळच गेलं आणि ती ओट्यापाशी बसली ती उठेना. लिओनार्ड आणि जेनिसने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम फार खाली गेलेलं. बाईंनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. एथेलने मला या गालातून त्या गालात ढकललं आणि म्हणाली, "नाय ओ."

"तोंडात काय आहे?"

"काय नाय. ज्येष्ठमध."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"एप्रिलपासून."

"एथेल, याने अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. हृदयावर बेतलं असतं. थुंका आधी."

तिने मला तळहातावर काढलं. चघळून माझी नुसती कुंचली झाली होती. "पण हिने माझा घसा सांभाळला," ती हळूच म्हणाली. मला भरून आलं, आणि रागही आला. जेनिसने मला टिश्यूत गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तिथूनच बोलतेय.

मला जरूर चघळा, पण थोडं आणि थोडेच दिवस. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, पोटात बाळ असेल, तर आधी विचारा. कफ सुटतो म्हणून दम्याचा पंप माझ्या भरवशावर बंद करू नका. आणि डॉक्टरांनी औषधांची नावं विचारली की माझंही सांगा. मला माझ्या नावाची लाज नाही, मग तुम्ही ते का लपवता?