जास्तीचा तास

वहिनीनं चिखलानं माखलेले पाच कांदे पाटकऱ्याच्या ओट्यावर ओळीनं मांडले आणि विचारलं, "हे काय आहे भावजी?"

"कांदे," पाटकरी म्हणाला.

"कांदे होते. चार दिवसांनी काढायचे होते. आता दाबून बघा."

त्यानं एक दाबला. बोट आत गेलं.

पाटकरी म्हणजे गावाच्या पाटावर दार उघडणारा आणि बंद करणारा माणूस. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे ठरलेलं असायचं आणि ते मोजायचं घड्याळ एकट्या त्याच्या मनगटावर असायचं. वहिनी म्हणजे त्याच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. तिची पाण्याची पाळी तीन तासांची. बारा वर्षं ती शेवटच्या हिरव्या वाफ्याला पाणी लावून सरळ घरी यायची, कारण तो वाफा भरला की पाणी आपसूक थांबायचं. एकदाही चूक नाही. "भावजींचं दार म्हणजे दार," असं ती चारचौघांत सांगायची, आणि ते ऐकताना पाटकऱ्याला हटकून खोकला यायचा.

गुरुवारी पाणी थांबलं नाही. वाफा भरला, बांध फुटला आणि शेजारच्या वाफ्यातल्या तिच्याच पिकलेल्या कांद्यात घोटाभर पाणी साचलं.

"दार अडकलं असेल," पाटकरी म्हणाला.

बोलला आणि त्याचं तोंड कडू झालं. त्याला पश्चात्ताप होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते.

झालं होतं असं. रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं की मागं फिरा, आणि ज्या प्रभूनं तुमच्यासाठी जीव दिला त्याच्यावर भार टाका. अशी हाक पाटकऱ्यानं आयुष्यभर ऐकली होती आणि दर वेळी ती मागच्या बाकावरच्या माणसांसाठी आहे असं धरलं होतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, तो उठला, पुढं जाऊन गुडघ्यावर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. काय केलं ते देवाला मनातल्या मनात सगळं सांगितलं. लोकांनी मिठ्या मारल्या. बायको म्हणाली, "बरं झालं. आता घरात ओरडणं पण कमी करा."

काय केलं होतं, ते थोडक्यात असं. वहिनीच्या तीन तासांतला अर्धा तास तो दर पाळीला स्वतःच्या शेताकडे वळवत होता. बारा वर्षं. आता मागं फिरायचं म्हणून त्यानं गुरुवारी तिला पुरते तीन तास पाणी दिलं, आणि मागची थोडी भरपाई म्हणून वर आणखी अर्धा तास. म्हणजे तिच्या सवयीपेक्षा पुरा एक तास जास्त. गुपचूप, कुणाला न सांगता. त्याला फार पवित्र वाटलं होतं.

वहिनी गेल्यावर तो पाळकसाहेबांकडे गेला. ते कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बसवत होते. त्यानं सगळं सांगितलं.

"मी देवाला सांगितलंय हो," तो शेवटी म्हणाला.

"देवाला माहीतच होतं," पाळकसाहेब खिळा ठोकत म्हणाले. "तिला माहीत नाही."

"ती गावात बोंब मारेल. दार जाईल माझ्या हातचं. तोंड कुठं दाखवू?"

"रविवारी भार टाकलास ना त्याच्यावर?"

"टाकला की."

"मग हा एवढा बाजूला कशाला काढून ठेवलास?"

पाटकऱ्यानं थोडा वेळ जाळी धरून ठेवली आणि मग निघाला. वाटेत प्रार्थना करू लागला, पण "प्रभू" याच्या पुढं एक शब्द सुचेना. तेवढ्यावरच तो चालत राहिला.

वहिनी शेतात कांदे उपसत होती. तो चिखलात उभा राहिला आणि एका दमात बोलून टाकलं. अर्धा तास, बारा वर्षं, माझ्या शेतात, मला माफ कर.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"ते शेवटचे दोन वाफे दिसतात?" तिनं लांबच्या पडीक तुकड्याकडे हात केला. "पाणी तिथवर कधी पोचलंच नाही. मी तुमच्या दादाला म्हणायचे, तुमचा उतार चुकलाय. दर पाळीला म्हणायचे. तो माणूस फावडं घेऊन परत उतार काढायचा. पाच वर्षं काढला. मरायच्या आदल्या महिन्यात म्हणाला, मला नाही जमलं गं."

पाटकरी मान खाली घालून उभा राहिला. त्याला आजवर वाटत होतं, आपण फक्त पाणी चोरलं.

"त्याला आता काय सांगू मी?" वहिनीनं विचारलं.

"मी दार सोडतो. उद्याच सांगतो गावाला."

"काही सोडू नका. नवा माणूस येईल, त्याला पश्चात्ताप व्हायला आणखी बारा वर्षं लागतील. माफीचं मला आत्ता विचारू नका, होईल तेव्हा होईल. पुढच्या पाळीला फावडं घेऊन या."

पुढच्या पाळीला त्यानं दार उघडलं, वेळ पाहिली आणि फावडं घेऊन तिच्या शेतात आला. पडीक वाफ्यांपर्यंतचा बुजलेला पाण्याचा दांड त्यानं मोकळा केला. दादानं काढलेला उतार जसाच्या तसा होता, त्याला हात लावायची गरज पडली नाही. वहिनी बांधावर बसून होती. पाणी पहिल्या पडीक वाफ्यात शिरलं, तो भरला. मग दुसऱ्यात शिरलं आणि सावकाश पार टोकाला जाऊन टेकलं.

वहिनी उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर कुणी नसताना म्हणाली, "अहो, पोचलं हो. तुमचं बरोबर होतं. मीच उगाच बोलत राहिले."

पाटकऱ्याला तोंड फिरवावं लागलं.

"भावजी," ती मागून म्हणाली, "घड्याळ बघा. तीन तास होत आले. जास्तीचा थेंब नकोय मला."

पाटकरी दाराकडे पळाला.