न्यायाधीशांची चुळबुळ

न्यायाधीश साहेबांना खुर्चीत धड बसवत नव्हतं. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. वकिलांनी त्यातूनही अर्थ काढायला सुरुवात केली होती: साहेब डावीकडे कलले की युक्तिवाद पटला, उजवीकडे कलले की आटोपतं घ्यावं. खरं कारण एकच होतं, मूळव्याध. पण ते सांगणार कोणाला?

त्या दिवशी एका निवृत्त परिचारिकेची साक्ष होती. पुतण्यानं तिच्याच घरातून तिला बाहेर काढलं होतं. ती जरा बोलती झाली आणि साहेबांना कळ असह्य झाली. नेहमीसारखी पुढची तारीख देऊन ते उठले.

"साहेब," बाई कठड्याला धरून म्हणाली, "मी बोलायला लागले की तुम्ही उठता. माझं खोटं वाटतंय का?"

ते शब्द दिवसभर त्यांच्या डोक्यात घुमत राहिले. संध्याकाळी ते थोरल्या बहिणीच्या दवाखान्यात गेले. ती वैद्य होती. भाऊ उभ्यानंच चहा घेतोय हे पाहून तिनं विचारलं, "रक्त पडतं?"

"ताई, हळू बोल ना."

"इथं कोण आहे ऐकायला? कधीपासून?"

"बरेच महिने झाले."

"आणि फायली घेऊन संडासात बसायची सवय अजून आहेच ना?"

साहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला. ताईनं आधी त्यांना सर्जनकडे पाठवलं. "रक्त मूळव्याधीचंच आहे, दुसरं काही नाही, हे तपासून ये. मग माझं औषध." तपासणीत मूळव्याधच निघाली आणि ती फार पुढे गेलेली नव्हती. मग ताईनं रात्री त्रिफळा दिली, तिखट बंद केलं, भाज्या आणि पाणी वाढवलं. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात बसायचं, आत रेंगाळायचं नाही, जोर करायचा नाही, रोज चालायचं. साहेबांचा धीर दुसऱ्याच दिवशी सुटला. "काहीच फरक नाही," त्यांनी फोन केला.

"महिनोन्‌महिने दुखणं लपवलंस, आणि आता एका रात्रीत बरं व्हायचंय तुला?" ताई फिसकन हसली.

पुढच्या तारखेला दुखणं कमी होतं, गेलं मात्र नव्हतं. बाई साक्षीला उभी राहिली. थोड्याच वेळात साहेबांच्या कपाळावर घाम आला. सुनावणी थांबवायला घंटीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि ते उठून उभे राहिले. त्यासरशी सगळं कोर्ट धडाधड उभं राहिलं.

"बसा, सगळे बसा. मला मूळव्याध आहे. फार वेळ बसवत नाही, म्हणून मी उभा राहून ऐकणार आहे." ते बाईकडे वळले. "तुमचं खोटं वाटत नव्हतं, बाई. सांगा."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांचे कान तापले, पण ते हलले नाहीत. क्षणभर बाईचा चेहरा परिचारिकेचा झाला. "गरम पाण्यात बसता ना?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता आपली हकिगत पहिल्यापासून सांगायला लागली.

साक्ष जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली. पुतण्याच्या वकिलानं उलटतपासणीत तिला बरंच घोळवलं, पण ती डगमगली नाही. निकाल तिच्या बाजूनं लागला. पुतण्या अपिलात गेला, पण तोवर बाई स्वतःच्या घरात राहायला आली होती.

साहेबांचं रक्त थांबलं. कळ मात्र अधूनमधून उठते. मग ते खुर्ची मागे सारून उभे राहतात आणि हातानंच सगळ्यांना बसायची खूण करतात.