सहा लिटर

“मला कोणी उचलायचं नाही,” चौथ्या मजल्यावरच्या सिस्टर म्हणाल्या, आणि शेजारणीने आणलेल्या खुर्चीवर त्यांनी आपली पर्स ठेवून दिली, म्हणजे बसायचा आग्रहच नको. “पस्तीस वर्षं वॉर्डात मी माणसं उचललीत. आता माझी मोळी बांधून जिन्यानं नेणार? त्यापेक्षा दोरीनं टोपली सोडते खाली. ताईला म्हणावं, बस तीत.”

लिफ्टचा मिस्त्री दाराशी उभा राहून धाप गिळत होता. जिथे लिफ्ट चालते तिथे त्याला कुणी बोलवत नसे, आणि जिथे बोलवत तिथे ती चालत नसे. त्यामुळे एकतीस वर्षे लोकांना वर पोचवणाऱ्या या माणसाने स्वतःचे गुडघे मात्र जिन्यांवरच झिजवले होते.

खाली फाटकाशी, टॅक्सीत, सिस्टरांची थोरली बहीण बसली होती. वय चौऱ्याऐंशी. उद्याच्या विमानाने ती मुलाकडे कायमची निघाली होती. तिला एक पायरी चढवत नव्हती, सिस्टरांना एक उतरवत नव्हती. आणि मोटर जळाल्यापासून सात महिने लिफ्ट चौथ्या मजल्यावर आपल्याच अंधाराला दार लावून उभी होती. नव्या मोटरीचा ठराव तीनदा आला आणि तीनदा पडला. पहिल्या मजल्यावरचे चेअरमन दर वेळी एकच वाक्य म्हणत, “आम्ही लिफ्ट वापरत नाही.”

“हातानं उतरवता येईल,” मिस्त्री म्हणाला. “गच्चीवरच्या खोलीत चाक आहे. ब्रेक सोडायचा आणि फिरवायचं. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन लटकतंय. त्याला तोलून धरेल एवढा भार आत असला, तर चाक दोन बोटांनी फिरतं. नाहीतर माझ्या बापाच्यानंही फिरायचं नाही.”

“किती भार?”

“एकशे छत्तीस किलो.”

मिस्त्रीला माणसे दिसत नसत, किलो दिसत. लग्नात शेजारी उभ्या असलेल्या नवरीकडे पाहून तो पहिला शब्द बोलला होता, “अठ्ठेचाळीस”, आणि बायकोने तो अजून माफ केला नव्हता. सिस्टर मात्र दर भेटीत हौसेने विचारत, “किती भरले?” तो डोळे किलकिले करून सांगे, “चव्वेचाळीस.” नोकरीत असताना त्या वॉर्डातल्या काट्यावर पडताळून पाहत. किलोचा फरक कधी निघाला नव्हता.

“म्हणजे अजून ब्याण्णव हवेत,” सिस्टर म्हणाल्या.

दोघांनी एकदमच जिन्याकडे पाहिले. इमारतीत ब्याण्णव किलोंचे गृहस्थ एकच होते.

चेअरमनना वर यायला अकरा मिनिटे लागली. दुसऱ्या मजल्यावर ते बसले, तिसऱ्यावर त्यांनी पाणी मागितले, आणि चौथ्यावर कठड्याला मिठी मारून म्हणाले, “इतक्या पायऱ्या... कधी झाल्या?”

“इमारत बांधली तेव्हाच,” सिस्टर म्हणाल्या.

“हे बघा, आम्ही लिफ्ट...”

“आज तुम्ही नाही वापरायची, साहेब,” मिस्त्री म्हणाला. “आज लिफ्टच तुम्हाला वापरणार आहे.”

गच्चीवरच्या खोलीत वंगणाचा जुना, समजूतदार वास होता. दोरांवर प्रत्येक मजल्यासाठी त्याने स्वतः रंगवलेल्या पिवळ्या खुणा होत्या. लिफ्ट न दिसताही ती कुठे आहे हे त्यांवरून कळे. दोर ज्या भोकातून खाली उतरत, तिथून आतले बोलणेही वर येत होते.

“डोळे का मिटलेत, साहेब?”

“बंद जागेत मला होतं तसं. लहानपणापासून. कुणाला सांगू नका, हिलाही माहीत नाही.”

“हात द्या इकडे. नाडी एकशे वीस! मोठा श्वास घ्या. अहो, मोठा म्हणाले.”

मिस्त्रीने ब्रेक सोडून चाकाला दोन बोटे लावली. चाक हलले नाही. दोन्ही हात लावले, तर ते उलटेच ओढू लागले. त्याने ब्रेक दाबला आणि बेरीज पुन्हा केली. चेअरमनांच्या बाबतीत चूक शक्य नव्हती. त्यांचा किलोकिलो त्याने पायरीपायरीवर ऐकला होता. म्हणजे चूक दुसऱ्या आकड्यात होती. सात महिने त्याने तो आकडा पाहिलाच नव्हता, आज दाराशीही नुसता आठवला होता.

तो भोकाशी वाकून ओरडला, “वजन कमी पडतंय!”

“माझं?” चेअरमनांचे डोळे उघडले असावेत. “माझं वजन कमी पडतंय? परत म्हणा, मोठ्यानं म्हणा, खाली हिला ऐकू दे!”

“एक बादली ठेवा आत. मापानं पाणी ओता. लिटरला किलो.”

शेजारीण ओतत गेली. चार लिटरला चाक हटून बसले. पाचला कुरकुरले. सहाला दोन बोटांनी फिरले.

एका फेऱ्याला चार बोटे उतार. पिवळ्या खुणा एकेक करून सरकल्या. शेवटची खूण जागेवर येताच त्याने ब्रेक लावला आणि गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिले. टॅक्सीवाला दूर जाऊन उभा होता. टॅक्सीच्या उघड्या दाराशी दोन पांढरी डोकी एकमेकींना टेकली होती. दोघींनाही कमी ऐकू येत असल्याने पुढचे सगळ्या इमारतीने ऐकले.

“किती वेळ लावलास गं!”

“सात महिने, ताई.”

“हडकलीस.”

“तू बघून घे स्वतःला!”

तासाभराने टॅक्सी गेली. लिफ्ट त्याच भारानिशी, फेऱ्याफेऱ्याने वर आली. मिस्त्री गच्चीवरून उतरला तेव्हा चेअरमन बादली घेऊन घामाघूम उभे होते. “ठराव पुन्हा आणतो,” ते पुटपुटले. “या वेळी मीच मांडतो.”

सिस्टर कुलपाशी झटत होत्या. मागे न बघताच त्यांनी विचारले, “किती भरले?”

“चव्वेचाळीस,” मिस्त्री म्हणाला.

“मग ही बादली?”

“साहेबांमुळे. दिसतात तेवढे भरत नाहीत. शहाऐंशी.”

“शहाऐंशी! अगं, ऐकलंस का?” चेअरमन बादली तिथेच ठेवून बायकोला हाका मारत, पोरासारखे, जिना उतरत गेले.

सिस्टर वळल्या. पस्तीस वर्षे खाटेखाटेशी थांबून ‘आज चेहरा छान दिसतोय हं’ म्हणत आलेल्या बाईला हा सूर नवा नव्हता. बादली आत न्यायला मिस्त्री वाकला, तसा त्यांनी हात आडवा केला.

मग आतून त्यांनी लिटरभराचा मग आणला, आणि दारातल्या कुंड्यांना पाणी घालू लागल्या. सावकाश, एकेक मग. मिस्त्री नकळत मोजत राहिला. सहाव्या मगाला बादली रिकामी झाली.

“आता उचलता येईल,” सिस्टर म्हणाल्या, आणि बादली उचलून आत गेल्या.