एकदाही न वापरलेलं जुनं पॅराशूट

मी राखीव पॅराशूट बोलतोय. विमानातून उडी मारणाऱ्या माणसाच्या पाठीवर एकच पिशवी दिसते, पण आत आम्ही दोघं असतो. एक ते मोठं, रंगीबेरंगी, प्रत्येक उडीला उघडणारं, फोटोत मिरवणारं. आणि त्याच्या वर मी, पांढरा, घडी घालून बसलेला. मोठ्याने दगा दिला तरच मला हाक यायची.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. शिवणाऱ्या बाईने माझी एकेक शिवण तपासली आणि म्हणाली, "जा बाबा, कुणाच्या तरी उपयोगी पड." त्यानंतर कित्येक वर्षं मी नुसता पडलो, उपयोगी असा नाहीच.

माझ्या पहिल्या मालकाला सगळे कॅप्टन म्हणत. तो कशाचाही कॅप्टन नव्हता, विमा कचेरीत कारकून होता, पण मिशी तशी होती. माणूस दिलदार, फक्त त्याच्या घरात सगळं तात्पुरतं होतं. खुर्चीच्या पायाखाली तात्पुरती वीट, खिडकीला तात्पुरती तार, गळक्या नळाला तात्पुरती चिंधी. विटेवर कोळ्यांनी कधीच संसार थाटले होते.

मला ठरावीक काळाने परवाना असलेल्या पॅकरकडे न्यायचं, त्याने उलगडून, तपासून पुन्हा घडी घालायची, असा नियम आहे. कॅप्टन म्हणाला, "त्यात काय एवढं? चादरीची घडी घालतोच की आपण." त्याने जेवणाच्या टेबलावर मला गुंडाळलं, कोंबलं आणि वर थोपटलं. तेव्हापासून पोटाशी जरा आवळल्यासारखं वाटायचं. मी मनावर घेतलं नाही. वय झालं की अशा तक्रारी सुरू होतातच.

पुढे कॅप्टनची कंबर धरली आणि उड्यांचं सगळं सामान विक्रीला निघालं. जाहिरातीत माझ्याबद्दल लिहिलं होतं, 'राखीव पॅराशूट, एकदाही न वापरलेलं.' मी आतल्या आत ताठ झालो.

बघायला एक दातांचा डॉक्टर आला. नव्या सामानाची किंमत ऐकून त्याचे स्वतःचेच दात शिवशिवले होते. बरोबर त्याच्या सासूबाई होत्या. जावयाने आकाशातून उड्या मारूच नयेत असं त्यांचं मत होतं, पण तो ऐकेना, तेव्हा निदान सामान तरी डोळ्यांखालून घालावं म्हणून त्या आल्या होत्या.

"जुनं आहे ना हे?" त्यांनी विचारलं.

"जुनं आहे, पण वापरलेलं नाही," कॅप्टन म्हणाला.

"मग चालतं कशावरून?"

"अहो, आजवर एकदाही बिघडलं नाही."

"चाललंच नाही तर बिघडेल कधी?"

डॉक्टर हळूच म्हणाला, "आई, जाऊ द्या ना. ते अनुभवी आहेत."

"ते आहेत. हे कुठे आहे?" सासूबाई वाकल्या. "हा लाल दांडा कसला?"

"तो ओढायचा नाही. अगदी जिवावर बेतलं तरच ओढायचा."

"म्हणजे चालतं की नाही ते तेव्हा कळणार," असं म्हणून त्यांनी दांडा ओढला.

माझ्या डोक्यावर स्प्रिंग लावलेली एक छोटी छत्री असते. ती आधी उडते आणि मला बाहेर खेचते. ती सुसाट उडाली, दिव्यावर आपटली आणि चहाच्या ट्रेमध्ये पडली. डॉक्टरने तिची पट्टी धरून ओढली. आता मी सरळ बाहेर यायला हवा होतो. मी आलो नाही. मग त्याने पिशवीवर पाय रोवला आणि अक्कलदाढ काढताना लावतात तसा जोर लावला. तरी मी आपला आतच.

कॅप्टनने आत हात घातला आणि एक फीत बाहेर काढली. "अरे, ही मी तात्पुरती बांधली होती. घडी बसेना म्हणून. सोडायची राहिली."

सासूबाईंनी जावयाचं मनगट घट्ट धरलं होतं. कॅप्टन त्या विटेच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मागचं सगळं वर्ष मी हेच पाठीवर घेऊन उड्या मारल्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी वय समजत होतो ती गाठ होती. आणि मी वर्षभर त्या माणसाच्या पाठीवर ऐटीत बसलो होतो.

"घेऊ नका," कॅप्टन म्हणाला. "फुकटसुद्धा नको."

"आधी पॅकरला दाखवू," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्हीही चला आमच्याबरोबर. घडी कशी घालतात ते बघा."

पॅकरने मला टांगलं, दोरी न् दोरी चाचपली. कापड धडधाकट निघालं. त्याने नीट घडी घालून वर सील लावलं तेव्हा कुठे मला मोकळा श्वास घेता आला.

आता मी डॉक्टरच्या पाठीवर असतो. तुम्हीही माझ्यासारखं जुनं काही घ्यायला जाल, तेव्हा विकणाऱ्याची मिशी बघू नका. पॅकरला बरोबर न्या, आणि तो नसेल तर एखादी सासू न्या.

आमच्या सासूबाई प्रत्येक उडीला मैदानावर येतात. वर बघवत नाही म्हणून आभाळाकडे पाठ करून बसतात आणि शेजारच्याला विचारतात, "उघडलं का?"

"उघडलं."

"कोणतं?"

"मोठं."

मग त्या वळून बघतात. जावई उतरला की त्याच्या मागे जाऊन माझ्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "तू पडून राहा." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता.