निळ्या रेघेखालची माशी

काचेची नळी. कापसाचा बोळा. फोनमधून येणारं बाळाचं खिदळणं. पेनाने मारलेली निळी रेघ. माझे सहा पाय, सहाही शाबूत.

मित्रांनो, मी एक म्हातारी माशी आहे. पिकल्या फळांवर भिरभिरते ना, ती इवलीशी. माझं आयुष्य प्रयोगशाळेतल्या नळीत गेलं. खाली खाण्याचा थर, वर कापूस आणि चहूकडे काच. दिसतं सगळं, जाता कुठेच येत नाही.

टक्.

आमच्यावर प्रयोग करणाऱ्या ताईने नळी टेबलावर आपटली. आम्ही सगळ्या तळाशी. आता वर चढायचं. आमची जातच तशी, पडलो की वर. शेजारच्या नळीतल्या आमच्याच वयाच्या बहिणी बघता बघता निळी रेघ ओलांडतात. आम्ही चार पावलं टाकतो आणि पाय साथ सोडतात.

आम्ही अळ्या होतो तेव्हा ताईने फक्त आमच्या खाण्यात कीटकनाशक कालवलं होतं. जीव जाणार नाही इतकंच. पुढे ते बंद झालं. मी कोषात गेले, पंख फुटले, डोळे लालचुटूक झाले. भिंगातून बघून ताई म्हणाली होती, "काय गोड दिसताय गं बायांनो!"

टक्.

ताईचे सर वाकून बघत होते. "ही नळी वगळ. कुठेतरी माशी शिंकलेली दिसतेय."

"सर, माशी शिंकत नाहीये. चढत नाहीये."

"अगं, लहानपणी चाटलेलं औषध ते! आता त्याचं काय?"

"तेच विचारतेय मी या माशांना." सर हसत निघून गेले.

टक्.

तेवढ्यात फोन वाजला. ताईने तो टेबलावरच मोठ्या आवाजात लावला. तिची आई होती.

"काय गं, अजून माशाच मारत बसलीयेस?"

"मारत नाहीये आई, पाडतेय."

"बरं, ऐक. सकाळी घरभर झुरळांचं औषध मारून घेतलं. कोपरान् कोपरा! आणि तुझी भाची ऐकतेयस ना? फरशीभर रांगतेय नुसती. दिसेल ते तोंडात."

बाळ खिदळलं. ताईचा हात नळीवर थांबला. तिचा डोळा काचेला टेकला, माझ्याहून कितीतरी मोठा.

मी रेघ गाठली असती, तर तिचा जीव भांड्यात पडला असता. मित्रांनो, मी होता नव्हता तेवढा जोर लावला. रेघ अगदी डोक्यावर आली. आणि मी पडले.

"आई, तिला उचल. आत्ता."

"अगं, माणसाचं लेकरू आहे ते, माशी नव्हे!"

"उचल म्हणते ना! वहिनीच्या माहेरी ने तिला. दादाला म्हणावं, खिडक्या उघड, फरशी धू."

पलीकडे बाळाने भोकाड पसरलं. म्हणजे उचललं होतं.

ताईने आमची नळी वगळली नाही.

तुमच्या घरी औषध मारायला येतील, तेव्हा रांगणारं कोणी असेल तर आधी त्याला उचला. मला उचलायला कोणी नव्हतं. आता वरचा कापूस काढला, तरी मी तिथवर पोचणार नाही.

आमच्या त्या औषध कालवलेल्या खाण्याला कसलाच वास नव्हता.