सैल राहिलेला पट्टा

मित्रांनो, गाडीच्या मागे मुकाट्याने चालणारी दोन चाकांवरची पत्र्याची पेटी तुम्ही पाहिली असेल. मी त्यातलाच एक ट्रेलर. आता जुना झालेला, कोपऱ्यांना गंज चढलेला. मला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही. पण मी पोटात काय काय सांभाळून नेलं ते ऐकलंत, तर मला नुसता डबा म्हणणार नाही.

पहिली काही वर्षं मी समारंभांच्या घडीच्या खुर्च्या वाहिल्या. माणसं त्या कशाही कोंबायची. वळण आलं की त्या एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या आणि माझ्या पोटात नुसता खणखणाट. मग मालकाने टेम्पो घेतला आणि मी गोदामामागे पडलो. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. आधी अपमान वाटला. पुढे वाटलं, निदान कोणीतरी येतंय.

तिथून मला मामाने सोडवलं. मामा धंद्याने सोफे शिवणारा. त्याची भाची एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ती शिडाच्या फळीवर खेळायची. फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वारा नेईल तसं पाणी कापत सुटायचं. घरचे म्हणत, "हे काय खूळ!" मामा म्हणाला, "खूळ असू दे. पण गाडीच्या टपावरून फळी सुटून कुणाचं डोकं फुटायला नको." आणि त्याने मला घरी आणलं.

त्याने माझ्या भिंतींना आतून जाड स्पंज लावला, वर रेक्झिन ताणून बसवलं. सगळ्यात जड फळी तळाला, मधे जुन्या सतरंजीचा तुकडा, मग वरची फळी. लांब डोलकाठ्या उजव्या भिंतीच्या नळीत, गुंडाळलेली शिडं वरच्या झोळीत. शेवटी दातेरी कडीवाले रुंद पट्टे. शेजारी विचारत, "आत सामान नेता की पाहुणे?"

"घट्ट बांध," मामा भाचीला सांगायचा, "पण गळा आवळू नकोस. फळी आतून मऊ असते, जास्त ओढलंस तर दबते." मग तो माझ्या पाठीवर थाप मारून कान लावायचा. आत काही वाजलं नाही की खुशीत हसायचा. तेवढ्या थापेसाठी मी आयुष्यभर ओझी वाहिली असती.

मागच्या वर्षी मामाला अर्धांगाचा झटका आला. तो पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजव्या हातात जोर परतला नाही. दुकानात शिवणकाम दुसऱ्याकडे गेलं. त्याचं म्हणावं असं एकच काम उरलं, माझ्यातलं सामान बांधायचं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तळाच्या फळीचा पट्टा त्याने स्वतः ओढला. जुन्या सवयीने डाव्या हाताने धरलं, उजव्याने ओढलं, दात चावले, कपाळावर घाम आला. कडीचे दात पट्ट्यात नीट रुतलेच नाहीत. मला ते कळलं. भिंगरीलाही कळलं, तिने दोन बोटं पट्ट्याखाली घातली आणि ती सहज आत गेली.

"जमलं ना?" मामाने विचारलं.

"एकदम झकास," ती म्हणाली.

पेट्रोल पंपावर थांबून गुपचूप घट्ट करायचं, असं तिने ठरवलं असावं. पण मामा काठी टेकत पुढच्या सीटवर जाऊन बसला. "आज मीही येतो. तुला पाण्यावर बघून किती दिवस झाले!" आता थांबायचं कसं आणि सांगायचं काय? भिंगरीने तशीच गाडी सुरू केली.

चढ लागला तशी तळाची जड फळी इंच इंच मागे सरकली आणि माझ्या दारावर आदळली. सगळं वजन शेपटाकडे गेलं. उतारावर मी डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागलो. कडेने एक बाई सायकलवर चालल्या होत्या, मागच्या सीटवर लहान मूल. माझं शेपूट त्यांच्याकडे वळलं. मित्रांनो, ब्रेक माझ्या हातात नसतो हो! भिंगरीने घाबरून जाऊन करकचून ब्रेक मारला नाही. फक्त वेग उतरू दिला आणि चाक सरळ धरून ठेवलं. मी त्या सायकलच्या अगदी वीतभर अंतरावरून गेलो आणि पुढे कडेला थांबलो.

मामाने माझं दार उघडलं. पट्टा लोंबत होता. फळीचं टोक फुटलं होतं. तो भिंगरीकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं, मामा."

"आणि त्या बाईला लागलं असतं तर मला बरं वाटलं असतं?" मामाने लोंबणारा पट्टा तिच्यापुढे धरला. "अगं, माझा हात गेलाय, कान शाबूत आहेत. खरं ऐकू येतं मला."

भिंगरी रडू लागली. मामाने डाव्या हाताने तिचं डोकं कुरवाळलं. मग तो कडी दाबून बसला आणि म्हणाला, "हं, आता ओढ." तिने ओढलं. दात कचकन रुतले.

फुटलेली फळी पाण्यात नेता येईना. भिंगरी वरच्या, सरावाच्या जुन्या फळीवर उतरली आणि शेवटून दुसरी आली. मामा किनाऱ्यावरून इतका ओरडला की लोकांना वाटलं, तीच जिंकली.

परत निघताना तिने पट्टा पुन्हा त्याच्याच हातात दिला. त्याने जीव खाऊन ओढला. तिने खाली बोटं घातली.

"मामा, सैल आहे."

"मग बघत काय बसलीस? लाव की हात!"

दोघांनी मिळून ओढलं. त्या दिवसापासून हे असंच चालतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. सामान मन लावून बांधा. थकलेल्या हातातून त्याचं काम हिसकावू नका, पण त्याच्याशी खोटंही बोलू नका. सैल असेल तर सैल म्हणा आणि दुसरं टोक तुम्ही धरा. मग आम्ही सुखाने चालतो, आणि कडेने सायकलवर जाणारेही सुखाने घरी पोचतात.