जिच्यावर मधमाशी बसत नाही

मी एक जुनी बुट्टी आहे. मित्रांनो, बुट्टी म्हणजे बांबूची टोपली. आमच्या कोल्हापुराकडे तिला बुट्टीच म्हणतात. एका खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. बाहेरच्या शेवग्याला बहर आला की मधमाश्या आत येतात आणि माझ्या शेजारच्या बुट्ट्यांवर खुशाल बसतात. माझ्याजवळ आल्या की मात्र वळून निघून जातात. असं का होतं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

पिराजी बुरडानं मला विणलं. हिरव्या बांबूच्या कामट्या काढून त्यानं माझी कड अशी घट्ट बांधली की आजही एक काडी हललेली नाही. मला पूर्णिमाताईंच्या हातात देताना तो म्हणाला, "ताई, तुमची गाडी मोडंल, पर ही बुट्टी मोडायची न्हाय."

पूर्णिमाताई फोनवर मागणी घेतात आणि घरोघरी फुलं पोचवतात. त्यांच्याकडे प्लास्टिकचा कागद नाही की थर्माकोल नाही. फुलं केळीच्या पानात बांधायची आणि आमच्यात भरायची. परत येताना आम्ही त्या घरातली सुकलेली फुलं घेऊन यायचो. त्यांचं खत व्हायचं आणि ते हातकणंगल्याजवळ गुरुसिद्ध आण्णांच्या मळ्यात, गुलाबांच्या बुडाशी जायचं. म्हणजे फूल जिथून आलं, तिथंच परत गेलं. मला याचा फार अभिमान वाटायचा.

माझ्या कडेला सुतळीनं एक पुठ्ठा बांधलेला होता. त्यावर ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या फुलांवर फवारणी नाही. लेकरानं पाकळी खाल्ली तरी चालेल.'

या वाक्याची राखण करायची आक्का. ती फुलं निवडणारी, सगळ्यांत वयस्कर बाई. फुलं आली की त्यांतली मूठभर ती पितळी ताटलीत घालून खिडकीत ठेवायची. मधमाशी येऊन बसली, की मगच म्हणायची, "भरा गं पोरींनो." तोवर कुणी फुलाला हात लावायचा नाही.

आणि मग तो फेब्रुवारी आला. गुलाबांना एवढी मागणी आली की फोन खाली ठेवायला सवड नव्हती. त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं, हवा गार होती. आण्णांकडून गुलाब आले, पण नेहमीच्या दुप्पट. आक्कानं ताटली खिडकीत ठेवली. बराच वेळ गेला. शेवगाही गप्प होता.

"माशी आली न्हाय," आक्का म्हणाली.

"आक्का, गारठा हाय. माश्या पोळ्यातनं निघाल्याच नसतील," पूर्णिमाताई म्हणाल्या.

"मग थांबू की."

"चाळीस घरं वाट बघायला लागल्यात. आण्णांचीच फुलं हायेत, परक्याची हायेत व्हय?"

ताटली आक्कानं खिडकीतच राहू दिली. बायका भराभर फुलं भरू लागल्या. माझ्या तळाशी एक मुंगी केळीच्या पानावर चढली. चार पावलं गेली, गोल फिरली आणि तिथंच आडवी झाली. मी पाहिलं, मित्रांनो. पण बुट्टीला तोंड नसतं.

मी गेले धोंडुबाईंच्या घरी. त्या दरवर्षी गुलकंद करायच्या आणि त्यासाठी गुलाब आमच्याकडूनच घ्यायच्या. त्यांची पाच वर्षांची नात क्रांती बरणीजवळ मांडी घालून बसली. एक थर पाकळ्यांचा, एक थर खडीसाखरेचा.

"आज्जी, पाकळ्या धुवायच्या न्हाईत?"

"ह्या बुट्टीतल्या न्हाय धुवायच्या. धुतल्या की वास जातोय. बघ, ताईनं लिवलंय की." धोंडुबाईंनी माझ्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

क्रांतीनं एका पाकळीत साखरेचा खडा गुंडाळला आणि तोंडात टाकला. मग दुसरी. मग तिसरी.

तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला.

"कुणाचा हाय गं?"

क्रांतीनं उठून पाहिलं. फोनवर फुलांचं चित्र होतं. "फुलवाल्या ताईंचा."

"वाजू दे. बुट्टी परत मागत असंल. माझं हात साखरंचं हायेत. उद्या दिऊ म्हणावं."

फोन थांबला आणि पुन्हा वाजला. पुन्हा थांबला, पुन्हा वाजला. क्रांती हसून म्हणाली, "ताईंना बुट्टीची लई घाई झालीया!" आणि तिनं चौथी पाकळी गुंडाळली. मी समोरच होते. माझ्यासाठी फोन येतोय, असंच त्या दोघींना वाटत होतं.

फोन का वाजत होता, ते मला नंतर आक्काच्या बोलण्यातून कळलं. दुपारी ऊन पडलं आणि एक मधमाशी ताटलीवर आली. बसली, थरथरली, आणि ताटलीतच पडली. ताईंनी तेव्हाच आण्णांना फोन लावला. आण्णा चाचरत म्हणाले, "तुमची अडचण व्हायला नको म्हणून निम्मी फुलं भावकीतल्या एकाच्या मळ्यातनं आणली, ताई. फवारल्याला चार दिस झाल्यात म्हणत हुता त्यो." ताईंनी चाळीस घरांना फोन केले. एकोणचाळीस घरांनी उचलला.

पूर्णिमाताई धोंडुबाईंच्या दारात पोचल्या तेव्हा त्यांच्या पायात चप्पल नव्हती. क्रांती आज्जीच्या मांडीवर घामानं भिजून पडली होती. तोंडातून लाळ गळत होती. ताईंनी तिला उचललं. धोंडुबाई माझ्या पुठ्ठ्याकडे बघत ताईंना एकच वाक्य म्हणत राहिल्या, "तूच लिवलं हुतंस की गं, पोरी. तूच लिवलं हुतंस."

क्रांती दवाखान्यातून सहा दिवसांनी घरी आली. आता ती बरी आहे. पण कुणी फूल पुढं केलं की ती दोन्ही हात पाठीमागं लपवते.

मला तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं. पण कामट्यांत मुरलेली फवारणी गेली नाही, म्हणून मी आक्काच्या ताटलीशेजारी टांगलेलीच राहिले. ताईंनी सगळे पुठ्ठे काढून टाकले. धंदा चालू आहे, पण आता आक्का 'भरा' म्हणत नाही, तोवर फोन वाजला तरी ताई उचलत नाहीत. गारठ्याच्या दिवशी फुलं तशीच पडून राहतात आणि खतात जातात.

मित्रांनो, चांगलं काम करणाऱ्या माणसाचा शब्द लोक धुऊन घेत नाहीत, तसाच तोंडात घालतात. म्हणून तो शब्द रोज तपासावा लागतो, घाईच्या दिवशी तर आधी. तुम्ही मोठे होऊन कुणाला काही कबूल कराल, तेव्हा माझी आठवण ठेवा. आणि फूल हातात आलं, तर ते घटकाभर खिडकीत ठेवा.

आज सकाळी एक मधमाशी आत आली. ताटलीवर बसली, शेजारच्या बुट्टीवर बसली. मग माझ्या कडेपाशी येऊन क्षणभर घोटाळली. आक्काचा निवडता हात थांबला.

माशी वळली आणि निघून गेली.